विडिकम: डार्टमूरच्या माळावरची एक छोटी पॅरिश (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विडिकम-इन-द-मूर या गावाबद्दल मराठी मंडळींकडून मला सतत प्रश्न येतात. कोणी सुट्टीत डेव्हनला निघालेलं असतं, कोणी इंग्लंडचा इतिहास वाचताना ‘पॅरिश’ या शब्दापाशी अडलेलं असतं, तर कोणाची मुलं एक्सेटरला किंवा प्लिमथला शिकत असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विडिकम नेमकं कुठे आहे आणि किती मोठं आहे?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन काउंटी आहे आणि तिच्या पोटात डार्टमूर हे ग्रॅनाइटचं उंच माळरान. विडिकम त्याच्या पूर्व भागात, ईस्ट वेबर्न या छोट्या नदीच्या खोऱ्यात वसलंय. पश्चिमेला हॅमलडाउनची लांबलचक धार आहे, उंची ५३२ मीटर. गावठाण अगदी लहान: चर्च, त्याच्यासमोर गवताचा मोकळा चौक, प्राथमिक शाळा, चहाची एक-दोन ठिकाणं आणि पब. पॅरिश (म्हणजे काय ते प्रश्न २ मध्ये) मात्र बरीच मोठी आहे. पॉन्सवर्दी, पाउंड्सगेट, ल्यूसडन, डनस्टन अशा वाड्या आणि दूरदूर विखुरलेली शेतघरं तिच्यात येतात. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात मिळून वस्ती पाच-सहाशेची.

डार्टमूर १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आकार सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की फाटक, तिकीट आणि जीपसफारी डोळ्यांसमोर येते. इथे तसं काही नाही. उद्यानाच्या आतच गावं आहेत, शेती आहे, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे.

२. पॅरिश म्हणजे चर्चचा भाग की ग्रामपंचायत?

दोन्ही. आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या जबाबदारीतला मुलूख. त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तिथे व्हायचं, आणि शेतकऱ्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्या चर्चला द्यायचा. मग १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसण्याचं कामही पॅरिशच्याच गळ्यात घातलं. १६६२ च्या कायद्यानंतर तर परक्या पॅरिशचा माणूस इथे येऊन पोटाला महाग होईल अशी शंका आली, तरी त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता यायचं. माणूस कुठल्या पॅरिशचा, यावर त्याला म्हातारपणी भाकरी कोण देणार हे ठरत होतं. १८३४ मध्ये हे काम काढून पॅरिशींच्या संघांकडे सोपवलं गेलं. विडिकम न्यूटन अ‍ॅबटच्या संघात गेलं.

१८९४ च्या कायद्याने धार्मिक आणि नागरी कामांची फारकत झाली. तेव्हापासून एकाच नावाच्या दोन पॅरिश आहेत. धार्मिक पॅरिश चर्चची. नागरी पॅरिश निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी. दोघींच्या हद्दी जुळतीलच असं नाही. ल्यूसडनला एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र चर्च झालं, पण कौन्सिलच्या हिशेबात ते विडिकममध्येच येतं. लग्नाचा किंवा दफनाचा प्रश्न असेल तर धार्मिक हद्द बघायची. पायवाट, बाकडं, सार्वजनिक जागा असं काही असेल तर नागरी.

३. पॅरिश कौन्सिलला खरे अधिकार काय? घर बांधायची परवानगी तीच देते का?

नाही. डार्टमूरवर बांधकामाची परवानगी राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण देतं. पॅरिश कौन्सिलचं मत विचारलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. रस्ते आणि शाळा डेव्हन काउंटी कौन्सिलकडे, कचरा आणि स्थानिक कर टीनब्रिज जिल्हा कौन्सिलकडे. पॅरिश कौन्सिल त्या करात स्वतःचा लहानसा हिस्सा जोडून घेते आणि त्यातून गावची किरकोळ कामं करते. सदस्य बिनपगारी, कारकून तेवढा पगारी.

अधिकार थोडे असले तरी मी या संस्थेला कमी लेखणार नाही. सभा खुल्या असतात, सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला वेळ ठेवलेला असतो, आणि बुजलेल्या गटारापासून तुटलेल्या फाटकापर्यंत कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या गोष्टी तिथे इतिवृत्तात नोंदल्या जातात. इंग्लंडच्या खेड्याची नाडी बघायची असेल तर पबमध्ये बसण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी तिथे मागच्या खुर्चीवर जाऊन बसा.

४. एवढ्याशा गावात इतकं मोठं चर्च कसं?

सेंट पँक्रसच्या या चर्चला लोक ‘मूरचं कॅथीड्रल’, म्हणजे माळावरचं महाचर्च, म्हणतात. चौकोनी ग्रॅनाइटचा मनोरा सुमारे १२० फूट उंच आहे आणि हॅमलडाउनवरून उतरताना तो सगळ्यात आधी दिसतो. मूळ इमारत चौदाव्या शतकातली. पुढच्या दोन शतकांत ती वाढत गेली. मनोऱ्यासाठी पैसा कथिलाच्या खाणवाल्यांनी दिला असं परंपरा सांगते. त्या काळात डार्टमूरच्या ओढ्यांतून कथिल धुऊन काढलं जायचं. धातू वजनाला आणि शिक्क्याला अ‍ॅशबर्टन, चॅगफर्ड, टॅव्हिस्टॉक, प्लिम्प्टन या ठरलेल्या गावीच न्यावा लागे, आणि खाणवाल्यांचे कायदे नि न्यायालयंसुद्धा वेगळी होती. आज शांत दिसणाऱ्या या दऱ्या त्या वेळी कामाने गजबजलेल्या होत्या. मोठं चर्च त्याच पैशाची खूण आहे.

आकाराचं आणखी एक कारण आहे. हे चर्च फक्त गावठाणासाठी बांधलेलं नव्हतं. मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतघरांतली माणसं रविवारी इथे येत. काही तर पॅरिशच्या बाहेरूनही यायची (प्रश्न ७).

५. १६३८ साली चर्चवर सैतान आला होता, ही गोष्ट काय आहे?

आधी जे घडलं ते. २१ ऑक्टोबर १६३८, रविवार. दुपारच्या प्रार्थनेला सुमारे ३०० माणसं चर्चमध्ये होती. एकदम अंधारून आलं, मेघगर्जना झाली आणि आगीचा लोळ चर्चमधून गेला. मनोऱ्याच्या टोकाचा दगडी कळस छत फोडून आत कोसळला. चौघे दगावले, साठेक जखमी झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये या घटनेवर पुस्तिका छापल्या गेल्या, आणि त्यांतले तपशील अंगावर काटा आणतात. धर्मगुरू जॉर्ज लाइड व्यासपीठावर असूनही वाचले. त्यांच्या पत्नीच्या अंगावरचे कपडे मात्र जळाले. एक माणूस दाराकडे पळाला, त्याच्या पुढे धावणारा कुत्रा गरकन फिरून जागीच मेला, ते पाहून हा मागे सरला आणि जगला. बाहेर पडावं का, असं कोणीतरी विचारल्यावर लाइड यांनी प्रार्थना पुरी करूनच उठायचं ठरवलं.

चेंडूच्या आकाराच्या विजेच्या (‘बॉल लायटनिंग’) जुन्यात जुन्या वर्णनांमध्ये या घटनेचा उल्लेख आजही होतो. गावातल्या शाळामास्तरांनी रचलेली यावरची कविता लाकडी फलकांवर चर्चमध्ये लावलेली आहे. जरूर वाचा.

आता गोष्ट. जॅन रेनॉल्ड्स नावाच्या जुगाऱ्याने आपला आत्मा सैतानाकडे गहाण ठेवला होता. चर्चमध्ये डुलकी लागलेली सापडलास तर उचलून नेईन, अशी अट. त्या दुपारी काळ्या घोड्यावरचा एक स्वार पाउंड्सगेटच्या पबमध्ये बिअर प्यायला थांबला आणि घशाखाली उतरताना बिअर चर्र वाजली. पुढे त्याने झोपलेल्या जॅनला पत्त्यांसकट उचललं. उडताना चार एक्के खाली पडले. वॉरन हाउस इन या पबपासून समोर बघितलं की बर्च टॉरच्या (टॉर म्हणजे खडकाळ माथ्याची टेकडी) उतारावर जुन्या कुंपणांचे चार तुकडे दिसतात, तेच हे एक्के म्हणे. पाउंड्सगेटचा पब अजून चालू आहे.

६. छतावर तीन सशांचं कोरीवकाम आहे म्हणतात. ते कसं शोधायचं?

वेदीच्या बाजूच्या छतावर, लाकडी तुळया जिथे एकमेकींना छेदतात त्या गाठींवर कोरलेली चकत्यांसारखी चिन्हं आहेत. त्यांतल्या एकीवर तीन ससे गोल धावतात. प्रत्येकाला दोन कान दिसतात, पण मोजाल तर कान एकूण तीनच. दुर्बीण नेली तर मान अवघडणार नाही.

यांना ‘खाणवाल्यांचे ससे’ म्हणतात, पण ते खाणवाल्यांचं अधिकृत चिन्ह होतं याला पुरावा नाही. डेव्हनमधल्या डझनाहून अधिक चर्चांत हे ससे आहेत, आणि हेच चित्र चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत सहाव्या-सातव्या शतकात रंगवलेलं आढळतं. आपल्याकडच्या वाचकांना अजिंठ्याचं पहिलं लेणं आठवेल. तिथे एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. दोन्हींचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण अजिंठा बघितलेल्या माणसाला विडिकममध्ये वर बघताना जो आनंद होतो तो वेगळाच असतो.

७. ‘लिच वे’ म्हणजे प्रेतांची वाट, तिचा विडिकमशी काय संबंध?

मला या सगळ्या पॅरिशच्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते.

डार्टमूरचा मधला भाग फार पूर्वीपासून लिडफर्डच्या पॅरिशमध्ये होता. लिडफर्ड माळाच्या पार पश्चिम काठावर, आणि काही शेतघरं पूर्वेकडे, विडिकमच्या उंबरठ्यावर. पण नियम म्हणजे नियम: तुम्ही लिडफर्डचे, तर बाप्तिस्मा आणि दफनही लिडफर्डलाच. घरात कोणी गेलं की शव खांद्यावर किंवा घोड्यावर घालून माळ ओलांडायचा. हवा चांगली असेल तर अंतर आठ मैल. ओढ्यांना पूर आला की वळसा घेऊन पंधरा मैल. हिवाळ्यात दलदल, धुकं, बर्फ. त्या वाटेचं नाव लिच वे. ‘लिच’ म्हणजे शव.

१२६० साली एक्सेटरचे बिशप ब्रॉन्सकम यांनी बॅबनी आणि पिझवेल या अशाच पूर्वेकडच्या शेतघरांतल्या रहिवाशांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि त्यांना जवळच्या विडिकमच्या चर्चमध्ये जायची परवानगी दिली. पॅरिशची हद्द हलवली नाही. माणसांना मात्र मोकळीक दिली. नकाशावरच्या रेषेपेक्षा प्रेत वाहणाऱ्याचे पाय महत्त्वाचे, हे साडेसातशेहून अधिक वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याला कळलं होतं.

वाट आजही चालता येते. पश्चिमेकडचा काही भाग लष्कराच्या सरावाच्या हद्दीतून जातो, त्यामुळे गोळीबाराचं वेळापत्रक बघूनच निघायचं.

८. पॅरिशची हद्द दाखवणारे दगड कुठे बघायला मिळतील?

जुन्या काळी नकाशे नव्हते तेव्हा वसंतात ठरलेल्या दिवशी गावकरी हद्दीवरून फेरी काढत आणि पोरांना दगडांपाशी नेऊन खुणा पाठ करून घेत. काही इंग्लिश गावांत ही फेरी अजून निघते. हॅमलडाउनच्या माथ्यावरून चाललात तर ‘डी एस’ ही अक्षरं आणि १८५४ हे साल कोरलेले दगड दिसतील. ते पॅरिशचे नाहीत, ड्यूक ऑफ सॉमरसेटच्या जहागिरीचे आहेत. ‘ब्लू जग’, ‘ग्रे वेदर’ अशी त्यांची नावंही दगडांवर कोरली आहेत.

९. माळ सगळा मोकळा दिसतो. तो सरकारी आहे का? कोणीही गुरं चारू शकतं का?

नाही आणि नाही. ‘कॉमन’ या शब्दामुळे फसायला होतं. प्रत्येक कॉमनला मालक असतो. चरण्याचा हक्क मात्र वेगळ्या लोकांकडे असतो, आणि तो माणसाला नाही, शेतघराला चिकटलेला असतो. घर विकलं की हक्कही त्याच्यासोबत जातो. हे हक्क १९६५ च्या कायद्याखाली नोंदवले गेले. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने हक्कदारांची स्वतःची परिषद झाली, आणि लोकांना या कॉमनवर पायी आणि घोड्यावर फिरण्याचा हक्क मिळाला.

पूर्वीचा नियम फार शहाणपणाचा होता: हिवाळ्यात तुमच्या स्वतःच्या शेतावर जेवढी जनावरं जगतील तेवढीच उन्हाळ्यात माळावर सोडायची. म्हणजे माळावर किती भार पडणार हे प्रत्येकाच्या गवताच्या गंजीनेच ठरायचं. मधल्या ‘फॉरेस्ट’ भागात चारण्यासाठी भोवतालच्या पॅरिशी ठरावीक रक्कम भरत. विडिकम त्यांतली एक. नाव फॉरेस्ट असलं तरी त्याचा अर्थ जंगल नाही. तो राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख होता. १३३७ पासून तो डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे युवराजाच्या जहागिरीकडे आहे.

माळाला कुंपण नसतानाही मेंढ्या दुसऱ्याच्या भागात का जात नाहीत, हेही बऱ्याच जणांना पडलेलं कोडं आहे. कोकरू आईबरोबर चरताना आपला टापू शिकतं, पुढे तेच आपल्या कोकराला शिकवतं. इथले शेतकरी त्या टापूला ‘लिअर’ म्हणतात. हा कळप एकदा मोडला की पैसे टाकून तसाच नवा आणता येत नाही, कारण नव्या मेंढ्यांना माळ ठाऊक नसतो. म्हणून किती मेंढ्या ठेवाव्यात हा वाद डार्टमूरवर इतका पेटतो. निसर्गखात्याला हीथर (माळावरचं बुटकं झुडूप) आणि दलदलीची जमीन सावरायची आहे, शेतकऱ्यांना कळप टिकवायचे आहेत. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, वाद मात्र मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना माळ हवाच आहे, आणि तो हजारो वर्षांच्या चराईतूनच घडला आहे. चराई पूर्ण थांबवा असं म्हणणाऱ्याने आधी एक हिवाळा इथे काढावा.

१०. माळावरचे घोडे जंगली आहेत का? गाजर-बिस्किट दिलं तर चालेल?

प्रत्येक घोड्याला मालक आहे. शरद ऋतूत सगळे घोडे हाकून एकत्र आणतात, खुणा बघून ज्याचे त्याला वेगळे करतात. खायला घालायला मनाई आहे, आणि कारण अगदी साधं आहे. हातातल्या खाऊची सवय लागलेला घोडा रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि गाडीखाली जातो. माळावरच्या उघड्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. धुक्यात तीही जास्तच समजा.

११. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहायची, ते घर बघता येतं का?

पाउंड्सगेटजवळ हायर अपाकॉट नावाचं मध्ययुगीन लांबघर आहे. ते राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या मालकीचं आहे आणि ठरलेल्या दिवशी मार्गदर्शकासोबत आत नेतात. आधी चौकशी करूनच जा.

लांबघर उतारावर आडवं नाही, उभं बांधतात. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गोठा, मध्ये आरपार जाणारी एक बोळ. सगळ्यांचं दार एकच. गोठ्याच्या मधोमध पन्हाळ कोरलेली, ती खालच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर निघते. त्यामुळे मूत्र-शेण वरच्या अंगाला येत नाही, आणि गुरांची ऊब मात्र घरात राहते. मावळात आजोळ असलेल्यांना हे घर समजावून सांगावं लागत नाही. पडवीपलीकडच्या गोठ्यातला घंटेचा आवाज ऐकत झोपलेली माणसं ती.

१२. विडिकमची जत्रा कधी असते? आणि ते गाणं कोणतं?

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी. मूळचा हा गुरांचा बाजार. आजही मेंढ्या, घोडे, गुरं यांची परीक्षा होते, सोबत शर्यती आणि खाण्यापिण्याची दुकानं. रस्ते अरुंद असल्याने सकाळी लवकर पोहोचा.

गाणं म्हणजे डेव्हनचं एक लोकगीत. टॉम पिअर्सची करडी घोडी जत्रेला जायला मागून घेतात, सगळे तिच्यावर बसतात, घोडी दमून मरते आणि रात्री माळावर तिचं भूत फिरतं. स्वारांच्या यादीत शेवटचं नाव अंकल टॉम कॉबली यांचं. त्यावरून इंग्रजीत लांबलचक यादीला तेच नाव पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅबाइन बेअरिंग-गूल्ड या धर्मगुरूंनी डेव्हनची लोकगीतं गोळा केली, त्यातून हे गाणं सगळीकडे पोहोचलं.

१३. आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये गेलेलं चालतं का?

खुशाल जा. दिवसा दार बहुधा उघडं असतं, पादत्राणं काढायची गरज नाही, प्रार्थना चालू असेल तर मागे बसा. दानपेटीत जमेल ते टाका असं मी आवर्जून सांगतो, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

१४. चर्चचा खर्च सरकार करतं ना? ते तर राष्ट्रीय चर्च आहे.

हा समज फार पसरलेला आहे. चर्च ऑफ इंग्लंडला धर्मकर मिळत नाही. चर्चच्या डागडुजीसाठी सक्तीची पट्टी होती, ती १८६८ मध्ये बंद झाली. आता छप्पर गळलं तर पैसे उभे करायचे ते पॅरिशच्या मंडळाने. त्यात निवडलेले दोन चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारे गावकरी, असतात. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून इमारतीची तपासणी करून घ्यायची, आणि एखादं बाकडं हलवायचं तरी चर्चच्याच न्यायव्यवस्थेकडून परवानगी काढायची. धर्मगुरू एकट्या विडिकमसाठी नसतात. शेजारच्या अनेक पॅरिशींच्या गटाकडे ते विभागलेले असतात.

म्हणजे १२० फुटी मनोऱ्याची काळजी मूठभर निवृत्त माणसं वाहताहेत. फुलं सजवणारी, घंटा वाजवणारी, हिशेब ठेवणारी आणि गवत कापणारी माणसं पुष्कळदा तीच असतात.

१५. जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

१५३८ च्या आदेशाने प्रत्येक पॅरिशला नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं, पण सगळीकडच्या पहिल्या वह्या टिकल्या नाहीत. डेव्हनच्या जुन्या वह्या एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये जमा असतात. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यानंतरचं काही हवं असेल तर आधी तिकडे बघा.

मुंबई-पुण्यात इतिहासाचं काम करणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट: मुंबई इलाख्यात मेलेल्या, लग्न केलेल्या किंवा जन्मलेल्या ब्रिटिशांच्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. किरकीच्या किंवा अहमदनगरच्या थडग्यावरचं नाव तिथून इंग्लंडमधल्या एखाद्या पॅरिशपर्यंत मागे नेता येतं.

१६. माळावर तंबू ठोकता येतो का? बंदी आली होती ना?

जानेवारी २०२३ मध्ये एका जमीनमालकाच्या दाव्यावर उच्च न्यायालयाने माळावर तंबू ठोकण्याचा हक्क लोकांना नाही असं ठरवलं. त्याच जुलैत अपील न्यायालयाने निकाल फिरवला. २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हक्क कायम केला. ‘मोकळ्या हवेतलं मनोरंजन’ या १९८५ च्या कायद्यातल्या शब्दांत रात्रीचा मुक्कामही येतो, असा त्याचा अर्थ लावला.

पण हा हक्क सगळ्या माळावर नाही. प्राधिकरणाच्या नकाशात कुठे चालतं ते रंगवून दाखवलंय, ते पाहूनच ठरवा. पाठीवर मावेल एवढा तंबू, एक-दोन रात्री, रस्त्यापासून आणि घरांपासून दूर, आणि शेकोटी मुळीच नाही. गाडीशेजारी मोठा तंबू लावून चूल पेटवणं यात बसत नाही.

१७. गाडीशिवाय कसं जायचं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून न्यूटन अ‍ॅबटपर्यंत रेल्वे. तिथून पुढे बस फारच कमी, आणि ती ठरावीक मोसमात ठरावीक दिवशीच असते. सरळ टॅक्सी करा. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा. नकाशा कागदाचा घ्या. पाऊस सह्याद्रीइतका कोसळत नाही, पण थंड असतो आणि आडवा येतो.

१८. तिथे घर घेऊन राहता येईल का?

येईल, पण अडचणी दोन. घरं थोडी, आणि सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांमुळे किमती चढलेल्या. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना दुसऱ्या घरावर दुप्पटीपर्यंत कर लावण्याची मुभा मिळाली आहे. वर्षभर राहणार असाल तर शाळेला मुलं हवी आहेत, चर्चला आणि कौन्सिलला हात हवे आहेत. फक्त ऑगस्टमध्ये येणार असाल तर घर विकत घेण्यापेक्षा खोली भाड्याने घ्या. गावाचं त्यातच भलं आहे. घराला चरण्याचा हक्क जोडलेला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या (प्रश्न ९).

१९. आमचं लग्न विडिकमच्या चर्चमध्ये होऊ शकेल का? दोघांपैकी एक भारतीय पासपोर्टवर आहे.

आधी पॅरिशशी नातं लागतं: तिथे राहणं, पूर्वी सहा महिने राहिलेलं असणं, तिथे बाप्तिस्मा झालेला असणं, आई-वडिलांचं लग्न तिथे झालेलं असणं वगैरे. नातं असेल तर साधारणपणे तीन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा होते. पण दोघांपैकी एक जरी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक नसेल (किंवा युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेतून दर्जा मिळालेला नसेल) तर घोषणेचा मार्ग बंद. दोघांना नोंदणी कार्यालयात नोटीस द्यावी लागते. मुदत किमान २८ दिवसांची, ती ७० पर्यंत वाढू शकते. त्याचं प्रमाणपत्र घेऊन मग चर्च. व्हिसाचा प्रकारही तपासून घ्या.

विधी ख्रिस्तीच होईल, त्यात सप्तपदी घालता येणार नाही. दोन्ही हवं असेल तर कायदेशीर लग्न चर्चमध्ये आणि वैदिक विधी दुसऱ्या जागी, असं करतात. सगळ्यात आधी व्हिकरना, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूंना, फोन करा, हॉल नंतर ठरवा.

२०. पॅरिशमध्ये राहणारा हिंदू माणूस वारला तर चर्चच्या आवारात दफन होऊ शकतं का? अस्थी डार्ट नदीत सोडता येतील का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण विचारणाऱ्याला घाई असते, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅरिशमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे मृत्यू आलेल्या कोणाही व्यक्तीला, धर्म कोणताही असो, आवारात जागा असेल आणि ते बंद झालेलं नसेल तर दफनाचा हक्क आहे. विधीबाबत मात्र मर्यादा आहे. १८८० च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनेशिवाय दफन करता येतं, पण जे होईल ते ख्रिस्ती पद्धतीचं असावं, नाहीतर शांतपणे, विधीविना. मंत्रपठण घरी किंवा दहनगृहात करावं. राख आवारात उधळू देत नाहीत, पुरावी लागते.

पूर्वी सगळ्यांनाच हा हक्क नव्हता. आत्महत्या केलेल्यांना चौरस्त्यावर पुरत. १८२३ च्या कायद्याने ते बंद झालं. हाउंड टॉरजवळ रस्त्याच्या कडेला ‘जेज ग्रेव्ह’ नावाचा छोटा उंचवटा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जीव दिलेल्या एका गरीब मोलकरणीची ती कबर मानली जाते. १८६० मध्ये तिथे हाडं सापडली आणि ती पुन्हा नीट पुरली गेली. तिथे ताजी फुलं असतात. ठेवणाऱ्यांत येणारे-जाणारे प्रवासीही असतात. तुम्हीही ठेवू शकता, फक्त प्लास्टिक गुंडाळलेलं नको.

नदीबद्दल: इंग्लंडमध्ये नदीत अस्थी सोडायला परवाना लागत नाही. पर्यावरण खात्याच्या सूचना अशा आहेत: जिथून पिण्याचं पाणी उचललं जातं त्याच्या वर एक किलोमीटरच्या आत सोडू नये, वाऱ्याच्या दिवशी जवळपास माणसं असतील तर टाळावं, आणि राखेबरोबर प्लास्टिक किंवा धातू पाण्यात जाऊ देऊ नये. म्हणजे तांब्याचा कलश आणि हारातला दोरा घरी परत न्यायचा, सुटी फुलं थोडी. काठ खासगी असेल तर मालकाला विचारा. डार्टमीटला, जिथे ईस्ट डार्ट आणि वेस्ट डार्ट एकत्र येतात, सुट्टीच्या दिवशी फार गर्दी असते. कामाच्या दिवशी सकाळी जा, आणि पाऊस होऊन गेला असेल तर पाण्यात उतरू नका. नदी तासाभरात चढते.